मास्तरांच्या छातीतला डाग

मास्तर त्या दिवशी लिफ्टने आले नाहीत, जिन्याने आले. हृदयविभाग इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर होता आणि जिना असा उभा, की तरुण नर्ससुद्धा मधल्या वळणावर कठड्याला हात लावायच्या. मास्तर मात्र दारात येऊन उभे राहिले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बाई, बघा बरं. धाप कुठाय?"

धाप खरंच नव्हती. चेहरा जरा लाल झाला होता, एवढंच.

बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. "मास्तर, तुम्हाला जिना चढायला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. लिफ्टसमोर गर्दी होती."

बाईंना हसावं की रागवावं कळेना. मास्तरांची सगळी हयात नगरपालिकेच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवण्यात गेली होती. आदल्या वर्षी याच माणसाला तलावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जाता येत नव्हतं. चार पावलं टाकली की छाती आवळून यायची आणि डावा हात खांद्यापासून जड व्हायचा. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या त्यांच्या वाहिन्या इतक्या बारीक झाल्या होत्या आणि इतक्या ठिकाणी तुंबल्या होत्या, की स्टेंट बसवायला जागा नव्हती आणि बायपासचा टाका घालायलाही धड भिंत नव्हती. दोन मोठ्या सर्जननी फिल्म उजेडात धरून पाहिल्या आणि परत पाकिटात घातल्या. "गोळ्या घ्या, जपून राहा," असं सांगून त्यांना घरी पाठवलं.

मग ते बाईंकडे आले.

बाई रोगी तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. त्या संशोधक. हृदयाची मोठी वाहिनी हळूहळू बुजत गेली, तर काही माणसांचं हृदय स्वतःच आजूबाजूच्या केसाएवढ्या वाहिन्या रुंद करून रक्ताला आडवाट काढून देतं. काहींचं हृदय मात्र तसं करत नाही आणि माणूस हातचा जातो. असं का होतं, एवढ्या एका प्रश्नामागे त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. उंदीर झाले, डुकरं झाली. सुरुवातीला कोंबासारख्या नव्या वाहिन्या फुटायच्या, पण फुटलेल्या आठवड्याभरात गळायला लागायच्या आणि वाळून जायच्या. पुढे त्यांना एक प्रथिन सापडलं, वाहिनीला वाढ म्हणून सांगणारं. मग खूप वर्षांनी दुसरं सापडलं, वाढलेल्या वाहिनीला आता टिकून राहा म्हणून सांगणारं. दोन्ही मिळून दिली की डुकराच्या हृदयात आडवाटा फुटत आणि टिकत. आता माणसांवरची पहिली चाचणी सुरू होती. ज्यांना दुसरा काहीच इलाज उरला नाही, अशी मोजकी माणसं निवडली होती. मास्तर त्यातले पहिले.

प्रत्यक्ष इंजेक्शन देत ते हृदयविभागाचे प्रमुख. त्यांना सगळं रुग्णालय पाठीमागे 'लंबू' म्हणे, आणि त्यांना ते माहीत होतं. जांघेतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत न्यायची आणि उपाशी पडलेल्या भागात, आतल्या भिंतीत थोडं थोडं औषध सोडायचं. त्यानंतर सहा महिन्यांत मास्तर आधी तलावाच्या टोकाला पोचले, मग बाजारात गेले आणि आज जिन्याने वर आले होते.

"एका माणसावरून काही ठरत नाही," बाई स्वतःला बजावत होत्या. पण चेहरा काही ऐकत नव्हता.

"बाकी काही त्रास?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. जरा खोकला आहे. परत तलावावर जायला लागलो ना, ओलाव्याने झाला असेल. बायको म्हणते, खोकता आहात की ताशा वाजवता आहात."

"किती दिवस झाले?"

"असेल महिनाभर."

बाईंनी पेन परत उचलला. चाचणीचा नियम साधा होता. नवीन कुठलंही लक्षण दिसलं की तपासायचं, मग ते कितीही फुटकळ असो. त्यांनी स्कॅन लिहून दिला आणि मास्तर कुरकुरत लिफ्टने खाली गेले.

*

लंबू बोलायला लागले की दोन खोल्यांपलीकडे ऐकू जायचं. म्हणून दुसऱ्या दिवशी ते बाईंच्या प्रयोगशाळेत आले, स्टूल ओढून बसले आणि काहीच बोलले नाहीत, तेव्हाच बाईंना कळलं, बातमी चांगली नाही.

"बोला."

"मास्तरांच्या उजव्या फुप्फुसात खाली डाग आहे. चांगला सुपारीएवढा. इंजेक्शनच्या आधीच्या स्कॅनच्या अहवालात त्याचा उल्लेख नाही."

बाई मायक्रोस्कोपपासून उठल्या आणि उगाचच हात धुवायला बेसिनपाशी गेल्या. हात स्वच्छ होते. या कामातली खरी भीती त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होती. रक्त फक्त हृदयालाच लागतं असं नाही, गाठीलाही लागतं. शरीरात कुठेतरी कर्करोगाचा दाण्याएवढा ठिपका निजलेला असला, तर वाढायचं म्हटलं की आधी त्यालाही वाहिन्या ओढून घ्याव्या लागतात. औषध हृदयात सोडलं तरी त्याचा थोडा अंश रक्तातून फिरतोच. निजलेल्याला जागं करायला तेवढा अंश पुरेल का? डुकरांत तसं कधी दिसलं नव्हतं. पण डुकरं म्हणजे काही मास्तर नव्हेत.

"दुर्बिणीने तपासून तुकडा काढल्याशिवाय काहीच सांगता येणार नाही," लंबू म्हणाले. "त्यांना सर्दी आहे, ती ओसरेपर्यंत दुर्बीणवाले थांबा म्हणतात. पुढच्या आठवड्यात करतील. तोवर आपण डोकं शांत ठेवू."

"चाचणी थांबवायची," बाई म्हणाल्या.

"आत्ता? पुरावा काय आहे? एक डाग. साधा न्यूमोनिया असेल."

"असेल. पण उद्या सकाळी तुमच्या टेबलावर इंजेक्शनला त्या चष्मेवाल्या आजी येणार आहेत. त्यांना मी काय सांगू? की बहुतेक न्यूमोनिया असेल, पडा तुम्ही निवांत?"

लंबूंनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "एकदा थांबली की परत सुरू होणं कठीण असतं, बाई. तुम्हाला माहीत आहे. लोक म्हणतील, काहीतरी होतं म्हणूनच थांबवली."

"म्हणू देत."

सुरक्षा समितीच्या अध्यक्षांना त्यांनी तिथूनच फोन लावला. पलीकडून फारसे प्रश्न आले नाहीत. "तुम्ही सांगितलं नसतंत, तर आम्हीच सांगितलं असतं," अध्यक्ष म्हणाल्या. "पण तुम्ही सांगितलंत ते बरं झालं."

आजींना सांगणं त्याहून अवघड गेलं. चढावरच्या गल्लीत त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. घरून दुकानात जायचं तर वाटेत तीनदा टेकावं लागे. इंजेक्शनसाठी त्यांनी बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

"म्हणजे उद्या यायचं नाही?"

"नाही, आजी. एका रुग्णाच्या तपासणीत काहीतरी दिसलंय. ते काय आहे हे कळेपर्यंत नाही."

"आणि कळेपर्यंत मी गेले तर?"

बाई यादीतल्या आजींच्या नावाखाली रेघ ओढत राहिल्या.

"मी वाट बघते," आजी घुश्शात म्हणाल्या. "दुसरं काय करणार? पण लवकर बघा जरा." आणि फोन आपटला.

*

मास्तरांना आणि त्यांच्या बायकोला बाईंनी एकत्र बोलावलं. मास्तरांच्या बायकोला तलावावरची सगळी मुलं काकू म्हणायची, म्हणून रुग्णालयातही त्या काकूच झाल्या होत्या. बाईंनी काही लपवलं नाही. डाग आहे, तो काय आहे ते माहीत नाही, कर्करोग असू शकतो आणि त्यात औषधाचा हात असू शकतो, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. मध्ये थांबलो तर पुढचं बोलता येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांना राग आला.

"उंदरांवर जमलं, डुकरांवर जमलं, म्हणून आमच्या माणसावर करून पाहिलंत," त्या उठून उभ्या राहिल्या. "छातीत दुखत होतं, दुखू द्यायचं होतं. निदान घरात तरी होते. आता हे नवीन काय घेऊन बसू मी?"

"अगं, बस जरा," मास्तर म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्हाला काय, कोणी उडी मार म्हटलं की मारली!"

"सही मीच केली ना? बाईंनी सगळं वाचून दाखवलं होतं. यातलं हेसुद्धा दाखवलं होतं." मास्तर बाईंकडे वळले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हाताची बोटं खुर्चीच्या कडेवर घट्ट झाली होती. "बाई, खरं सांगा. तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

"मला माहीत नाही, मास्तर."

"मग ठीक आहे. घाबरू नका म्हणाला असतात, तर मी फार घाबरलो असतो."

काकू दाराकडे निघाल्या.

*

बाई थोरल्या बहिणीबरोबर राहत. अक्का शिवणकाम करायची. तळमजल्यावर तिचं दुकान आणि वर दोघींचं घर. जगाला बाई असलेली ही विदुषी अक्काच्या लेखी अजून धाकटीच होती.

"धाकटे, तुझं तोंड बघून गिऱ्हाइकं पळतील," संध्याकाळी अक्का म्हणाली. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे अर्धे शब्द नुसते अंदाजाने घ्यावे लागत. "वर जा, नाहीतर बटणं तरी निवड."

बाई बटणं निवडत बसल्या. मग हळूहळू सगळं सांगितलं. अक्काने टाचण्या काढून उशीत खोचल्या आणि ऐकून घेतलं.

"बाबा आठवतात?" अक्का म्हणाली. "आपल्याला शाळेत सोडायला यायचे आणि दर दुकानासमोर थांबायचे. मला वाटायचं, यांना काय एवढं बघायचं असतं दुकानांत! चपलांचं दुकान, भांड्यांचं दुकान, एकदा तर बायकांच्या परकरांचं."

बाईंना एकदम हसू फुटलं. "हो! आणि तू त्यांना विचारलंस, बाबा, हे तुम्हाला घ्यायचंय का?"

"आणि ते म्हणाले, बघतोय गं, रंग बघतोय." अक्का हसली, मग थांबली. "छातीत कळ यायची म्हणून थांबायचे, आणि आपल्याला कळू नये म्हणून काचेत बघायचे. ते गेल्यावर कळलं आपल्याला. त्यांच्यावर कोणी काही करून बघितलं असतं आणि ते फसलं असतं, तर मी त्या माणसाला शिव्या घातल्या असत्या. अगदी पोटभर. आणि ज्यांनी काही करूनच बघितलं नाही, त्या डॉक्टरांना मी अजून घालते. तेव्हा त्या काकूंचं मनाला लावून घेऊ नकोस, आणि आता वर चल, जेव."

त्या जेवल्या, आणि अक्का झोपल्यावर पुन्हा खाली येऊन बटणं निवडत बसल्या.

तो आठवडा प्रयोगशाळेत फार लांबला. बाईंनी डुकरांच्या फुप्फुसांचे, यकृतांचे, मूत्रपिंडांचे जुने काचतुकडे पुन्हा बाहेर काढले आणि एकेक मायक्रोस्कोपखाली धरून डोळ्यात तेल घालून पाहिले. कुठेही गाठ नव्हती. त्याने दिलासा मिळायला हवा होता, पण मिळेना. प्राण्यांना आपण काही महिने पाहतो आणि माणसाने मात्र पुढची पंधरा-वीस वर्षं जगावं अशी अपेक्षा करतो, हा विचार काही केल्या मनातून जाईना.

*

दुर्बिणीची तपासणी सकाळी होती. घशातून बारीक नळी श्वासनलिकेत घालायची, डागापर्यंत जायचं आणि चिमट्याने तुकडा काढून आणायचा. हे करणारे फुप्फुसांचे डॉक्टर बुटके, टकले आणि कमालीचे कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी बाईंना आत थांबायला सांगितलं, पण बाई नको म्हणाल्या. बाहेरच्या लांब बाकाच्या एका टोकाला त्या बसल्या. दुसऱ्या टोकाला काकू होत्या. मधे सहा माणसं बसतील एवढी जागा रिकामी होती.

समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं. बाईंनी ते इतक्या वेळा वाचलं, की अक्षरांना अर्थ उरला नाही. लंबू आले, उभे राहिले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. त्यांना बसता येत नव्हतं.

आत एकाएकी काहीतरी मोठ्याने बोलणं झालं. मग कोणीतरी हसलं.

बाईंना वाटलं, आपल्याला भास झाला. पण काकूंनीही मान वर केली होती.

दार उघडलं. बुटके डॉक्टर बाहेर आले. तोंडावरचा मास्क त्यांनी हनुवटीखाली ओढला होता, आणि इतक्या वर्षांत बाईंनी त्यांचे दात पहिल्यांदाच पाहिले. हातात स्टीलची लहान वाटी होती.

"घरचं कोण आहे?"

काकू उठल्या. उठता उठता त्यांनी जे हाताला लागलं ते धरलं, आणि तो लंबूंचा कोट होता.

"हे बघा, आतून काय निघालं," डॉक्टर म्हणाले आणि वाटी पुढे केली.

वाटीत पाण्यामध्ये एक तपकिरी, बुळबुळीत, वाटाण्याएवढी गोळी होती.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"तेच तर मला विचारायचंय. लाकूड आहे, किंवा बूच. श्वासनलिकेच्या फाट्यात अडकलं होतं, भोवती मांस वाढलं होतं आणि पू झाला होता. तोच तुमचा डाग. तुकडे घेतलेत, तपासायला जातील. पण मी एवढी वर्षं गाठी बघतोय. ही गाठ नव्हे. ही... काय आहे ही?"

काकू वाटीवर वाकल्या. अगदी जवळून पाहिलं. मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं बाई! ही तर शिट्टीतली गोळी!"

"कसली?"

"शिट्टीतली! ती आत खुळखुळते ना, ती! आमचा थोरला तेव्हा शाळेत होता. स्पर्धा चालू होत्या, आणि खोल पाण्यात एका मुलीच्या पायात गोळा आला. यांनी तोंडातली शिट्टी न काढताच मारली की उडी! हनुवटी आपटली काठावर आणि शिट्टी दातांखाली फुटली. मुलीला काढलं बाहेर, तुकडे थुंकले आणि खोकत बसले दोन दिवस. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला. म्हणाले, पाणी गेलंय नाकात, जाईल. आणि वर त्या दुकानदाराशी जाऊन भांडले, की असली ठिसूळ शिट्टी विकतोस कशी म्हणून! तो म्हणत होता, आतली गोळी तुमच्याच पोटात गेली असेल, तर हे आणखीच चिडले!"

बुटके डॉक्टर गंभीरपणे म्हणाले, "गोळी परत मागितली नाही ना त्यांनी दुकानदाराकडे?"

पहिल्यांदा लंबू हसले, दोन काय, चार खोल्यांपलीकडे जाईल असे. मग काकू हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. बाईंना वाटलं आपण उभ्या आहोत, पण प्रत्यक्षात त्या चादरींच्या गाडीवर बसल्या होत्या आणि पोट धरून हसत होत्या. डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. एक नर्स घाईघाईने काय झालं म्हणून विचारायला आली, आणि कोणालाच तिला धड सांगता येईना. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते बाईंना त्या गाडीवर बसून कळलं.

मास्तर गुंगीतून बाहेर आले, तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता. काकूंनी वाटी त्यांच्या नाकासमोर धरली.

"ओळखता का?"

मास्तरांनी डोळे बारीक केले. बराच वेळ पाहिलं. "ही... त्या निळ्या शिट्टीची?"

"हो, तिचीच."

"म्हणजे तो दुकानदार बिचारा खरं बोलत होता," मास्तर घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि परत झोपी गेले.

*

संशोधकाचा स्वभाव मात्र असा, की त्याला सुखाने हसूही देत नाही. दुपारपर्यंत बाईंच्या मनात नवी शंका उभी राहिली. गोळी जुनी होती हे खरं. पण इतकी वर्षं गप्प बसलेली गोळी आत्ताच का भडकली? भोवती जे मांस वाढलं, त्यात वाहिन्या असणारच. त्या वाढायला आपल्या औषधानेच तर हातभार लावला नाही?

"तुम्हाला चैन पडत नाही का हो?" लंबू म्हणाले. पण तेही खुर्ची ओढून शेजारी बसले.

इंजेक्शनच्या आधीचा स्कॅन त्यांनी पडद्यावर लावला आणि उजव्या फुप्फुसाच्या तळापासून एकेक काप करून वर सरकू लागले. ज्या जागी गोळी सापडली होती तिथे, हृदयाच्या आड, एक लहानसा करडा ठिपका होता. वाहिनी आडवी कापली गेली की असाच ठिपका दिसतो, म्हणून तेव्हा कोणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. पण तो वाहिनी नव्हता. खालच्या कापात तो पुढे जात नव्हता, वरच्याही नाही. आणि त्याच्याभोवती, आधीपासूनच, मांसाचं पातळ कडं होतं.

"म्हणजे भडकायची तयारी आधीच झाली होती," लंबू म्हणाले.

तुकड्यांचा अहवाल आला. कर्करोगाचा मागमूस नव्हता. जुनी सूज, जुना चट्टा आणि वर अलीकडे झालेला जंतुसंसर्ग. तलावावरच्या सर्दीने गोळीभोवतीची नळी बुजली आणि मागे पू साठला, एवढंच. भोवतीच्या वाहिन्यांच्या भिंती जाड आणि जुन्या होत्या, औषधाच्या कितीतरी आधीच्या. बाईंनी ते काचतुकडे स्वतः मागवून घेतले आणि दोन वेळा पाहिले. तेव्हा कुठे त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

सुरक्षा समितीने सगळे कागद तपासले, दोन बाहेरच्या तज्ज्ञांना दाखवले आणि चाचणी पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. एक अट घातली. यापुढे प्रत्येक रुग्णाचा आधीचा स्कॅन दोन वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता पाहायचा. बाईंनी ती आनंदाने मान्य केली. खरं तर ती त्यांनीच सुचवली होती.

"आणि डॉक्टर," अध्यक्ष फोनवर म्हणाल्या, "अहवालात आमच्या एका सदस्याने 'शिट्टी' हा शब्द खोडून 'परकी वस्तू' असा केलाय. माझा त्याला विरोध होता."

मास्तरांना घरी सोडायच्या दिवशी काकू एकट्याच बाईंच्या प्रयोगशाळेत आल्या. आत येऊ का, न येऊ, असं करत दारातच थांबल्या.

"त्या दिवशी मी बोलले..."

"बरोबरच बोललात," बाई म्हणाल्या.

"बोलले बरोबरच," काकूंनी मान्य केलं. "पण आवाज जरा जास्त चढला. तलावावर राहून राहून सवय झालीय. तिथे हळू बोललं तर ऐकूच येत नाही." मग त्या आत आल्या आणि मायक्रोस्कोपकडे बघत म्हणाल्या, "यातून दिसतं का ते? त्यांच्या आत जे झालंय ते?"

"त्यांचं नाही. पण तसंच एक दाखवते."

बाईंनी डुकराच्या हृदयाचा काप लावून दिला. काकूंनी एक डोळा मिटला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. बुजलेल्या जाड वाहिनीच्या कडेने बारीक वाहिन्यांचं जाळं पसरलं होतं आणि त्यातल्या काही चांगल्याच रुंद झाल्या होत्या.

"अगं बाई," काकू हळूच म्हणाल्या. या वेळी आवाज अजिबात चढला नव्हता. "हे सगळं असं गुपचूप चालतं होय?"

*

आजींना बाईंनी स्वतः फोन केला. चाचणी पुन्हा सुरू होतेय, असं सांगितलं.

"काय होतं त्या माणसाला?"

"दुसऱ्याची गोष्ट मी सांगू शकत नाही, आजी. पण औषधामुळे काही नव्हतं."

"बरं. बॅग मी उघडलीच नव्हती," आजी म्हणाल्या. "किती वाजता येऊ?"

त्या आल्या. लंबूंनी नळी घातली, आडव्या पडल्या पडल्या आजींनी पडद्यावर स्वतःचं हृदय हलताना पाहिलं आणि लंबूंचा चष्मा त्यांच्या नाकाला सैल होतोय, दुकानात या, घट्ट करून देते, असंही सांगितलं. दुपारपर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. त्यांना बरं वाटेल की नाही, हे कळायला पुढचे कित्येक महिने लागणार होते. मास्तरांना बरं वाटलं म्हणून त्यांनाही वाटेलच, असं कोणी म्हणू शकत नव्हतं आणि बाई म्हणतही नव्हत्या. पण निदान पुढचं पाऊल टाकता आलं होतं.

बाई रुग्णालयातून बाहेर पडल्या, तेव्हा चांगलं लख्ख ऊन होतं. इतक्या उजेडात घरी निघायची त्यांना सवय नव्हती. रस्त्यावर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. दोन बायका खांद्यावर गालिचा घेऊन वळणावरून जात होत्या आणि मागची पुढचीला सारखी डावीकडे, डावीकडे म्हणत होती. चौकाजवळच्या लहानशा बागेत एक रिकामा बाक दिसला. बाई तिथे जाऊन बसल्या. चपला काढल्या आणि पाय गवतावर ठेवले.

फोन वाजला. अक्का होती.

"कुठे आहेस तू? प्रयोगशाळेत फोन केला, तर म्हणाले निघाल्या."

"बागेत बसलेय. बाकावर."

"बाकावर? का गं, बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय गं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर बसलेय."

मागे शिवणयंत्राचा आवाज येत होता, तो थांबला.

"मग बस तिथेच," ती म्हणाली. "मी दुकान बंद करून येतेच."